कपाटातली टिकटिक

वाचनमावशींना घरात शोधायचं तर कपाट उघडावं लागे.

आतल्या खोलीत भिंतीभर एक जुनं लाकडी कपाट होतं. त्याच्या एका बाजूचे खण काकांनी, म्हणजे मावशींच्या यजमानांनी, कधीच उचकटून टाकले होते. त्या पोकळीत एक स्टूल, स्टुलावर ब्लँकेटची मऊ घडी, घडीवर लॅपटॉप, आणि समोर एका बुटक्या बैठकीवर मावशी. चहूबाजूंनी रजया आणि काकांचे जुने गणवेशाचे कोट टांगलेले. माइक लाकडी उलथन्याला सुतळीने बांधून हँगरवरून लोंबत सोडलेला. दार आतून ओढून घेतलं की रस्त्यावरचे हॉर्न, वरच्या मजल्यावरची फर्निचरची ओढाताण, काकांचा खोकला, सगळं बाहेर राहायचं. आत फक्त मावशी, पुस्तक आणि देव. सुरुवात करण्याआधी त्या हात जोडून एवढंच म्हणायच्या, "देवा, उच्चार सांभाळ." मग रेकॉर्डिंगचं बटण.

नोकरीत होत्या तेव्हा मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसायच्या. दिवसभर कानाला हेडफोन आणि ओठांवर "जोडून देते, थांबा." त्यांचं "थांबा" इतकं गोड होतं, की लोक खरोखर थांबायचे आणि कुरकुरसुद्धा करायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर घरात तो आवाज नुसता भाजीवाल्याशी घासाघीस करण्यात वाया जाऊ लागला. तेवढ्यात अंधांसाठीच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयाला वाचणारी माणसं हवी आहेत असं कळलं. लेकीने नवा लॅपटॉप घेतला होता, तिचा जुना आईकडे आला, आणि मावशी कपाटात शिरल्या त्या शिरल्याच. 'वाचनमावशी' हे नाव ऐकणाऱ्यांनीच ठेवलं. त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता बँकेतल्या खिडकीपलीकडे कुणी उरलं नव्हतं.

मावशींचा एक नियम होता. आठवड्याला एक प्रकरण, शुक्रवारी. सगळं पुस्तक वाचून तयार असलं तरी एकच प्रकरण पाठवायचं. ग्रंथपालबाई विनवायच्या, "मावशी, सगळं एकदम पाठवा ना, लोक मागे लागलेत." मावशी म्हणायच्या, "लागू देत. वाट बघायला काहीतरी असलं की माणसाचा आठवडा बरा जातो."

सर्वांत जास्त मागे लागायचे ते खुर्चीवाले. हे गृहस्थ वेताच्या खुर्च्या विणायचे. दृष्टी तरुणपणीच गेलेली, पण बोटं अशी, की कुठल्या खुर्चीवर कोण किती वर्षं बसलंय हे बैठकीवरून हात फिरवून सांगतील. विणता विणता पुस्तक ऐकायचे आणि शनिवारी सकाळी मावशींना फोन करायचे. फोन लागला की दरवेळी आधी एक पुटपुटल्यासारखं "थांबा हं", मग थोडी खुडबुड, पाण्याचा डुबुक आवाज, आणि मग खणखणीत स्वरात, "हां, बोला बाई!" वेत पाण्यात भिजवून ठेवतात असं मावशींनी ऐकलं होतं. बिचारे हातातलं काम बाजूला ठेवत असतील, म्हणून मावशी थांबायच्या.

तर त्या वेळी चालू होती ती एक जाडजूड रहस्यकथा. मोठं घर, म्हातारा मालक जिन्याखाली मरून पडलेला, आणि संशय सगळ्यांवर: डॉक्टर, वकील, स्वयंपाकी, पुतणी. मावशींनी ती कपाटात बसून एका दमात वाचून काढली होती, आणि त्या घाईला कारण होतं. त्यांचे दात.

समोरचे दात हलायला लागले होते. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, काढावे लागतील, कवळी बसवू. मावशींना भीती वाटली ती दुखण्याची नव्हती. दात गेले म्हणजे आवाज गेला, असं त्यांनी मनाशी धरलं. म्हणून त्यांनी ठरवलं, हे एक पुस्तक आपल्या स्वतःच्या दातांनी पुरं करायचं आणि मग कुणाला काही न सांगता कपाटाचं दार बंद करायचं. शेवटचं प्रकरण संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दात निघाले. यथावकाश कवळी आली. दिसायला झकास, पण 'स' आला की मधूनच बारीक शिट्टी वाजायची, जणू तोंडात कुणी वाहतूक पोलीस नेमलाय.

ग्रंथालयाला याचा पत्ता नव्हता. दर शुक्रवारी जुन्या दातांचं प्रकरण जात होतं. फोनवर खुर्चीवाल्यांना मावशींनी सांगून टाकलं होतं, "सर्दी झालीय जरा." ती सर्दी इतकी लांबली, की खुर्चीवाले दर शनिवारी आलं आणि मध सुचवू लागले.

आणि अशात लॅपटॉप बिनसला.

आधी नुसता रेंगाळायचा. बटण दाबून मावशी दूध तापवून यायच्या, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतंच आहे. मग चालता चालता गोठायला लागला. बाण हलवावा तर जागचा हलायचा नाही, आणि मग एकदम टुणकन भलतीकडे. प्रकरण पाठवण्याआधी मावशी त्यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं ऐकून बघायच्या. अधलंमधलं कधीच नाही, स्वतःचा आवाज ऐकायची त्यांना लाज वाटायची. एका शुक्रवारी ते पहिलं वाक्यच असं आलं: "इन्स्पेक्टर म्ह... म्ह... म्हणा... ले."

"तुझ्या इन्स्पेक्टरची बोबडी वळलीय," काका दारातून म्हणाले.

काकांनी उभी हयात बस चालवली होती. यंत्र म्हणजे यंत्र, मग ते बोनेटखाली असो की मांडीवर, असं त्यांचं मत. लॅपटॉप हातात येताच त्यांनी तो उलटा करून फुंकर मारली, धुळीचा एक ढग स्वतःच्याच डोळ्यांत घालून घेतला, आणि निकाल दिला, "ओव्हरलोड."

मग त्यांनी भार कमी करायला घेतला. स्वतःची जुनी गाणी पुसली. लेकीच्या सहलीचे फोटो पुसायला निघाले तेव्हा मावशींनी हात धरला. शेजारच्या कारकुनाने डिस्कवरचा पसारा आवरून देणारा एक प्रोग्रॅम सांगितला. तो काकांना फारच पटला. बसच्या टपावरचं सामान नीट रचलं की गाडी डुलत नाही, तसंच हे. त्यांनी तो एकदा चालवला, फरक पडेना म्हणून परत चालवला, आणि लॅपटॉप आणखीच हातपाय गाळून बसला.

"अहो, राहू द्या आता. तुमच्या रचण्यानेच मरायचा तो."

"अगं, रोगी औषधाने आधी थोडा वाढतो."

"रोगी वाढत नाही, रोग वाढतो."

शनिवारी सकाळी फोन वाजला.

"थांबा हं..." खुडबुड, डुबुक. "हां, बाई! सर्दी काय म्हणते?"

"आहे तशीच."

"चिवट आहे. मध घेता ना? बरं, ते जाऊ दे. मला खुनी सापडला."

मावशींना हसू आलं. "इतक्यात? अजून केवढं पुस्तक बाकी आहे!"

"असू दे. डॉक्टर. पैज लावा."

"डॉक्टरच का?"

"ते घड्याळ!"

"कुठलं घड्याळ?"

"आता सोंग घेऊ नका. गेल्या काही प्रकरणांपासून चाललंय. डॉक्टर खोलीत आला, की टिक. जरा थांबून, टिक टिक. मधेच एक कर्र. लेखकाने एका शब्दानेही सांगितलेलं नाही, पण तुम्ही मागे बरोबर वाजवताय. मी खुर्ची सोडून ऐकत बसलो काल. डॉक्टरच्या खिशात मेलेल्या म्हाताऱ्याचं घड्याळ आहे. हो की नाही?"

पुस्तकाचा शेवट कुणाला सांगायचा नाही, हा मावशींचा दुसरा नियम. त्या गुळमुळीत "बघू या, बघू या" करून फोन ठेवून बसल्या. पण मन जाग्यावर नव्हतं. पुस्तकात घड्याळ नव्हतं. कपाटात तर नव्हतंच, भिंतीवरचंसुद्धा त्यांनी आवाजासाठी स्वयंपाकघरात हलवलं होतं.

लाज गुंडाळून ठेवून त्यांनी ग्रंथालयाला गेलेलं ते प्रकरण फोनवर लावलं आणि पहिल्यांदाच स्वतःला सबंध ऐकलं. आवाज बरा होता. खरं तर छानच होता, पण ते मनात ठेवलं. आणि वाक्यांच्या फटीत, अगदी दबक्या पावलांनी: टिक. टिक टिक. कर्र.

"अहो, मी वाचत असते तेव्हा तुम्ही बाहेर गुडघे मोडत बसता का?"

"माझे गुडघे कर्र करतात. टिक करत नाहीत," काका दुखावून म्हणाले.

मावशी कपाटात शिरल्या. दार लावून घेतलं. लॅपटॉप चालू केला आणि न वाचता, श्वास धरून नुसत्या बसल्या. थोड्या वेळाने वाकून त्यांनी डावा कान लॅपटॉपच्या पाठीशी नेला. टिक. त्याच क्षणी पडद्यावरचा बाण गोठला. टिक टिक. बाण गोठलेलाच. आवाज थांबला, बाण सुटला.

"अहो! इकडे या!"

काका आले ते लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घेऊनच. बस बंद पडली की ते टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायची त्यांची पद्धत. तसंच त्यांनी केलं, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "बेअरिंग गेलं."

"काय म्हणायचं त्याला ते असो. आधी हा उचला."

दुरुस्तीवालीचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर एका जिन्याखाली होतं. आत शिरायचं तर मान तुकवावी लागायची, म्हणून मावशींना ते देवळासारखं वाटलं. बाई चाळिशीच्या आतली, केसांत पेन्सिल खोचलेली, समोर उघडी पडलेली चार-दोन यंत्रं.

"काय होतंय काकू?"

"गाडी उचलत नाहीये," काकांनी मधेच तोंड घातलं. "चढावर धापा टाकते."

"अहो, मला विचारलंय तिने."

मावशींनी सगळं सांगितलं. रेंगाळणं, गोठणं, बोबडी, टिकटिक, आणि टिकटिक झाली की गोठतो तेही. शेवटचं ऐकून दुरुस्तीवालीने पेन्सिल केसांतून काढली.

"हे कुणी शोधलं?"

"खुर्ची विणणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांना वाटलं डॉक्टरच्या खिशात घड्याळ आहे."

दुरुस्तीवालीने एकदा काकांकडे बघितलं. काकांनी मान डोलावून 'बाई शहाणी आहे' अशी ग्वाही दिली.

तिने लॅपटॉप जेमतेम चालू केला, कोण किती काम करतंय ते दाखवणारी खिडकी उघडली. "हे बघा. मेंदू रिकामा बसलाय. मेमरीतही जागा आहे. आपण काहीच करत नाही आहोत, आणि तरी डिस्कची रेघ छताला टेकलीय." मग डिस्कच्या तब्येतीचा तक्ता उघडला. त्यात बरंच काही लाल होतं. तिने लगेच लॅपटॉप बंद केला.

"आत एक चकती गरगर फिरते काकू, आणि एक बारीक काटा तिच्यावरचं वाचत जातो. चकतीवर काही जागा खराब झाल्यात. तिथलं वाचता आलं नाही की काटा मागे जातो, पुन्हा येतो, पुन्हा प्रयत्न करतो. ती तुमची टिक. तोवर बाकी सगळे ताटकळत."

"म्हणजे तोही वाचताना अडखळतोय," मावशी हळूच म्हणाल्या. त्यांना त्या काट्याची एकदम दया आली.

"हो. आणि जितकं वाचायला लावू तितका तो चकती खरवडणार. मध्ये कुणी पसारा आवरायचा प्रोग्रॅम वगैरे नाही ना चालवला?"

काका जिन्याची खालची बाजू बारकाईने बघू लागले.

"ठेवता कशावर?"

"ब्लँकेटवर. आवाज होऊ नये म्हणून."

"हवा कोंडते तिथे, भाजून निघाला असेल आत. बरं, रेकॉर्डिंगची दुसरी प्रत आहे?"

इथे मावशी ताठ बसल्या. "आहे ना! लेकीने बजावलंच होतं, आई, प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी ठेव. एक दिवस चुकले नाही मी."

"छान! दुसरं ठिकाण कुठलं?"

"याच्यातच. एक 'पुस्तक' नावाच्या फोल्डरमध्ये, आणि एक 'पुस्तक जपून' मध्ये."

दुरुस्तीवालीने ओठ आत ओढून घेतले. काका मात्र खो खो हसले. "अगं, स्टेपनी कुणी चालत्या चाकालाच बांधतं का?"

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही टपावर सामान रचत होतात!"

मग मावशींचा आवाज खाली आला. 'स' टाळता येईना तेव्हा त्यांनी तोंडापुढे पदर धरला आणि दुरुस्तीवालीला खरं काय ते सांगितलं. न पाठवलेली सगळी प्रकरणं आत आहेत. ती जुन्या दातांची आहेत. ते दात आता नाहीत. ती गेली, तर पुन्हा तशी वाचता येणार नाहीत, आणि अशा शिट्टीच्या आवाजात वाचलेलं ऐकणार कोण?

दुरुस्तीवालीने शिट्टीबद्दल काहीही म्हटलं नाही. नुसती म्हणाली, "मग आधी माल बाहेर काढू. गाडीची दुरुस्ती मागाहून."

तिने डिस्क बाहेर काढली. पत्त्यांच्या जोडाएवढी ती चपटी डबी मावशींना फार क्षुल्लक वाटली. एवढ्याशा जागेत तो सगळा वाडा, म्हातारा आणि जिना मावला होता! दुरुस्तीवालीने ती एका वायरने आपल्या संगणकाला जोडली आणि जे वाचता येईल ते आधी उचलणारा, अडेल तिथे हटून न बसणारा प्रोग्रॅम लावला.

"फ्रीजमध्ये ठेवून बघायची का?" काकांनी विचारलं. "मी कुठंतरी ऐकलंय."

"नको काका. फ्रीजमध्ये भाजीच राहू दे."

पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. काका तिच्यापुढे वाकून, घाटात समोरच्या ड्रायव्हरला खूण करावी तसा हात हलवत होते. "हळू... हळू... पहिल्या गिअरमध्येच राहा... शाब्बास." मावशी खुर्चीच्या कडेवर बसून मनातल्या मनात देवाचं नाव घेत होत्या, आणि त्याबरोबर मधूनच त्या काट्याला "घे रे बाबा, परत वाच, घाई नाही" असंही सांगत होत्या. दुरुस्तीवालीने मधे चहा मागवला. कुणाच्या हातातला कप लवकर संपेना.

एकेक प्रकरण बाहेर येऊ लागलं. काही ठिकाणी 'पुस्तक' मधली प्रत फाटकी निघाली, पण 'पुस्तक जपून' मधली तीच शाबूत आली. मावशींनी काकांकडे जो कटाक्ष टाकला, त्याने काकांची स्टेपनी तिथल्या तिथे पंक्चर झाली. शेवटी एकच प्रकरण उरलं. शेवटचं.

टिक. टिक टिक. कर्र. पट्टी थांबली.

"याची जपून प्रत?" दुरुस्तीवालीने विचारलं.

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. त्या प्रकरणाची दुसरी प्रत केलीच नव्हती. सकाळी दात काढायचे होते, त्या धास्तीत उद्या करू म्हणून राहिलं ते राहिलंच.

दुरुस्तीवालीने डिस्क निवू दिली, पुन्हा लावली, उलट्या बाजूने वाचायला लावली. बाजारातली गर्दी ओसरली. मग डिस्कने एक मोठी टिक केली आणि ती गप्प झाली. तिच्या त्या टिकटिकीचा मावशींना इतका राग होता, पण आता ती थांबली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

"अर्धं प्रकरण आलंय काकू," दुरुस्तीवाली म्हणाली. "इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो, दार लावून घेतो, तिथवर. पुढचं नाही."

"म्हणजे खुनी गेला," काका म्हणाले.

लॅपटॉपमध्ये नवी डिस्क बसली. हिच्यात फिरणारं काहीच नव्हतं, त्यामुळे आवाजही नव्हता. बटण दाबताच पडदा असा झटक्यात उजळला, की मावशी दचकल्या. सगळं आणखी एका वेगळ्या डबीतही भरून मिळालं. ती डबी ठेवायची कुठे, हे दुरुस्तीवालीने बजावून सांगितलं: लॅपटॉपपासून लांब. काकांनी ती देवघरात ठेवली. मावशींना जागा पटली.

शुक्रवारमागून शुक्रवार गेले. उरलेली प्रकरणं एकेक करून गेली. टिकटिकीचं खरं कारण मावशी खुर्चीवाल्यांना सांगू शकत नव्हत्या, कारण घड्याळ नाही म्हटलं की डॉक्टर सुटला, आणि शेवट फोडायचा नाही हा नियम. बिचारे डॉक्टरच्या मागे हात धुऊन लागले होते. आणि बघता बघता शेवटचा शुक्रवार दाराशी आला.

"ग्रंथपालबाईंना सांग," काका म्हणाले, "त्या दुसऱ्या कुणाकडून तेवढा शेवट वाचून घेतील."

"दुसऱ्या बाईच्या तोंडून? माझा खुनी?"

"मग वाच ना तू."

"या शिट्टीत?"

"अगं, माझ्या बसचा हॉर्न अखेरची काही वर्षं रेडकासारखा ओरडायचा. म्हणून काय लोक बसमध्ये चढायचे थांबले? बस पोचायची ना वेळेवर!"

मावशी तरातरा स्वयंपाकघरात निघून गेल्या. पण दुपारी कपाटाचं दार लागल्याचा आवाज काकांना आला. या वेळी लॅपटॉप ब्लँकेटवर नव्हता, लाकडी फळीवर होता. मावशींनी पुस्तक उघडलं आणि कपाळावर हात मारला. त्या शेवटच्या पानांत लेखकाने 'स' ची नुसती खैरात केली होती. संशय, साक्षीदार, सुरा, सही, सूड. एखादा शब्द बदलला तर कुणाला कळणार होतं? मावशींच्या मनात तसं येऊन गेलं. पण लोकांनी लेखकाचं पुस्तक मागितलं होतं, मावशींचं नव्हे.

त्यांनी हात जोडले. "देवा, उच्चार सांभाळ."

'सांभाळ' वरच शिट्टी वाजली. ती त्या अंधाऱ्या कपाटात इतकी स्वच्छ वाजली, की मावशींना खुदकन हसू फुटलं. कदाचित देवालाही फुटलं असेल. हसू ओसरल्यावर त्यांनी बटण दाबलं आणि इन्स्पेक्टरने लावून घेतलेलं दार उघडलं.

शनिवारी सकाळी फोन वाजला नाही.

मावशींनी चहा केला, तो गार झाला. फोन उचलून त्याची घंटी बंद नाही ना ते बघितलं. काकांनी स्क्रूड्रायव्हर आणू का म्हणून विचारलं, तर त्यांनी अशा नजरेने बघितलं, की काका पेपरात तोंड घालून बसले. ऊन खिडकीतून जमिनीवर उतरलं तेव्हा कुठे घंटी झाली.

"थांबा हं..." खुडबुड, डुबुक. "हां, बाई. उशीर झाला. दोनदा ऐकलं."

"मग?" मावशींचा जीव कानात आला होता.

"पुतणी निघाली! आणि मी बिचाऱ्या डॉक्टरला फासावर चढवून बसलो होतो. पण बाई, त्या पुतणीचा आवाज काय काढलात हो! पुस्तकभर सरळ बोलत होती, आणि कबुली द्यायला लागली की प्रत्येक 'स' ला शिट्टी. अंगावर काटा आला माझ्या."

मावशींना वाटलं, चला, निभावलं. हो म्हणून टाकावं. पण आदल्या दिवशी देवापुढे एवढं हसून झाल्यावर आज खोटं बोलायला जीभ वळेना.

"आवाज काढला नाही हो," त्या म्हणाल्या. "इन्स्पेक्टरचीही शिट्टीच वाजलीय, नीट ऐका. मला सर्दीबिर्दी काही नाही. समोरचे दात गेले. कवळी आहे."

पलीकडे खुर्चीवाले इतके हसले, की त्यांच्या हातातून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

"बाई, सर्दी झालेलं माणूस नाकातून बोलतं. ते शिट्टी वाजवत नाही. मला पहिल्या शनिवारीच कळलं होतं."

"मग आलं आणि मध कशाला सांगत होतात?"

"तुम्ही सर्दी म्हणालात, मी सर्दीचं औषध सांगितलं. तुम्हाला वाईट कशाला वाटू द्यायचं? पुतणीच्या शिट्टीचं कौतुकही त्यासाठीच. आणि ते घड्याळ मात्र उलगडलं नाही शेवटपर्यंत. लेखक विसरला की तुम्ही?"

"ते घड्याळ नव्हतं. माझ्या लॅपटॉपची डिस्क मरत होती आतल्या आत. तिचा आवाज."

"म्हणजे मी डिस्कवर संशय घेतला?"

"हो. आणि अगदी बरोबर घेतलात. तुम्ही बोललात म्हणून बाकीची प्रकरणं हाती लागली, नाहीतर तीही आत मेली असती."

खुर्चीवाल्यांना ते भलतंच आवडलं. त्यांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली, आणि मग एकदम वेगळ्याच सुरात म्हणाले, "बाई, तुम्ही खरं सांगितलंत, मग मीही सांगतो. मी दर शनिवारी 'थांबा हं' म्हणतो ना?"

"वेत भिजत घालता. माहीत आहे मला."

"वेत कसले! कवळी वाटीत असते माझी. दिवसभर कोण घालतंय ती टोचणारी? फक्त तुम्हाला फोन लागला की घालतो. एवढ्या स्वच्छ बोलणाऱ्या बाईशी फाफू करत कसं बोलायचं?"

मावशी खळखळून हसल्या, आणि हसता हसता त्यांचीच कवळी सुटायला आली. ती सावरत त्या म्हणाल्या, "मग आता काढा बघू ती."

"खरंच काढू?"

"काढा. थांबा, मीही काढते."

स्वयंपाकघरात काकांनी पेपरवरून मान वर केली. आतल्या खोलीतून नुसतं फफ, फुफ, मधेच मोठ्याने हसणं, परत फफ. एक अक्षर कळेल तर शपथ. ते लगबगीने दारात आले.

"अगं, परत अडखळायला लागला का तो?"

मावशींनी फोनवर हात ठेवला, कवळी तोंडात बसवली आणि शिट्टीसकट म्हणाल्या, "सगळं सुरळीत सुरू आहे. ग्रंथपालबाईंना निरोप द्या, पुढचं पुस्तक सोमवारी पाठवा म्हणावं. चांगलं जाडं असू दे."